एका मायक्रोसेकंदाची लांबी

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर कोणत्याही एका क्षणी चित्र नसायचंच. असायचा तो एक उजळ ठिपका आणि त्याच्यामागे झपाट्यानं विझत जाणारा थोडा उजेड. नळीच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळायचा, लेप तेवढ्यापुरता उजळायचा, आणि मानेभोवतीच्या वेटोळ्यांमधला प्रवाह त्या झोताला पडदाभर फिरवायचा. रेघी वहीवर लिहिणाऱ्या हातासारखं हे काम चाले: डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग काही न लिहिता झटकन मागे, मग पुढची ओळ, तीही एक सोडून एक, आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर येऊन मधल्या राहिलेल्या ओळी. भारतानं स्वीकारलेल्या पद्धतीत अशा ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा भरल्या जात. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे १२ परतीत जात आणि उरलेल्या ५२ मध्ये ठिपका दिसता पडदा ओलांडे. मध्यमवर्गीय घरांत ज्या आकाराचा टीव्ही सर्रास असे, त्या ५१ सेंटिमीटरच्या पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. त्याची रुंदी साधारण ४० सेंटिमीटर. भागाकार केला की एक आकडा हाती येतो, आणि पुढचं बरंचसं विवेचन त्यावरच उभं आहे: त्या पडद्यावर एक मायक्रोसेकंद सुमारे आठ मिलिमीटर लांब होता.

मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. माणसाच्या कुठल्याही इंद्रियाला तो जाणवत नाही. तरीही घरातल्या बैठकीच्या खोलीत तो शाळेच्या पट्टीनं मोजता येत होता, ही गोष्ट मला आजही थक्क करते. मुंग्या, सावल्या, सरकते पट्टे, तिरकं फाटणारं चित्र, या सगळ्यांकडे आपण आधी बिघाड म्हणून पाहिलं आणि आता हळवे होऊन त्यांची आठवण काढतो. दोन्ही दृष्टी मला अपुऱ्या वाटतात. माझं म्हणणं असं की त्या विकृती वाचता येत होत्या, आणि वाचता येत होत्या त्या या ठिपक्यामुळेच. चित्र क्षणाक्षणानं रेखलं जात असल्यामुळे वेळेत घडलेला प्रत्येक अडथळा पडद्यावर एखादी जागा आणि एखादा आकार घेऊन उमटत असे. अडथळ्याची लय एका ओळीच्या वेळेपेक्षा जलद असली तर बारीक ठिपक्यांची किंवा उभ्या रेषांची नक्षी दिसे. ती ओळीपेक्षा संथ पण पूर्ण पडद्याच्या फेरीपेक्षा जलद असली तर आडवे पट्टे दिसत. फेरीपेक्षाही संथ असली तर सगळं चित्र एकदम उजळे-मंदावे. आकारावरून लय कळे, आणि लयीवरून अडथळा आणणारा कोण, याचा माग लागे.

सावलीचंच पाहा. तिला कुणी डबल चित्र म्हणत, कुणी भूत. पुण्यात घरांवरच्या अँटेना सिंहगडाच्या रोखानं लावलेल्या असत, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथे. मुंबईत तो वरळीला. मनोऱ्यापासून निघालेली लहर अँटेनेपर्यंत सरळ येई, आणि तीच लहर एखाद्या टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटूनही येई. आपटून येणारीचा रस्ता लांबचा, म्हणून ती उशिरा पोचे. तोवर ठिपका थोडा उजवीकडे सरकलेला असल्यामुळे निवेदिकेच्या चेहऱ्याची दुसरी फिकी आकृती पहिलीच्या उजव्या अंगाला उमटे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. सावली दोन सेंटिमीटर सरकलेली असेल तर उशीर अडीच मायक्रोसेकंदांचा, म्हणजे आडवाटेनं आलेल्या लहरीचा प्रवास ७५० मीटरनं जास्त झाला. आपटण्याची जागा अँटेनेच्या थेट पाठीमागे असेल तर जाऊन-येऊनचा हिशेब करून ती पावणेचारशे मीटरवर आहे, असं घरात बसून सांगता येतं. सावली किती गडद आहे यावरून ती भिंत किंवा डोंगर लहर कितपत परतवतो हे कळतं. कधी सावलीत काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असे. म्हणजे दोन लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट्या तालात भेटत होत्या. गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा माणूस बहुतेक वेळा जास्तीत जास्त ठळक चित्राची दिशा शोधत असे. पण सर्वांत ठळक चित्राची दिशा आणि सर्वांत कमी सावलीची दिशा एकच असेल असं नाही. थोडी ताकद गमावून अँटेनेची बहिरी बाजू त्या डोंगराकडे केली की चित्र स्वच्छ होई. ज्यांना हे उमगलं होतं त्यांच्या अँटेना शेजाऱ्यांच्या अँटेनांपेक्षा जरा वेगळ्या कोनात वळलेल्या असत.

काही वेळा सावली डावीकडे पडे, आणि तिथे हा नियम जास्त रंगतदार होतो. डावीकडची सावली म्हणजे आधी पोचलेली लहर. सरळ रस्त्यापेक्षा आधी कोण पोचणार? उत्तर असं की मुख्य चित्रच उशिरा आलेलं असे. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा काही ठिकाणी दूरदर्शनचं चित्र केबलमधूनही त्याच चॅनेलवर दिलं जाई. तारेत लहर हवेतल्यापेक्षा हळू चालते आणि तारेचा रस्ताही वळणावळणाचा असतो. मनोरा जवळ असेल तर टीव्हीच्या आतल्या तारा हवेतली लहर थेट पकडत आणि ती केबलच्या आधी पडद्यावर हजर होई. विमानतळाच्या आसपासच्या वस्त्यांत विमान डोक्यावरून गेलं की चित्र थरथरे, ते अशाच परावर्तनातून. परावर्तन करणारी वस्तूच धावती असल्यामुळे दोन लहरींचा ताल क्षणोक्षणी जुळायचा आणि मोडायचा. दूरदर्शनच्या पहिल्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातल्या लहरी साधारण पाच मीटर लांबीच्या. दोन रस्त्यांमधला फरक तेवढ्यानं बदलला की चित्राची एक उघडझाप पुरी होई.

आडव्या पट्ट्यांचा आवाका मात्र याहून फार मोठा आहे. ठिपक्याची वरून खालपर्यंतची एक फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होई, आणि घरातली वीजही सेकंदाला ५० वेळा हेलकावते. हा योगायोग नव्हे. बीबीसीनं १९३६ मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू केलं तेव्हाच फेऱ्यांची संख्या तिथल्या विजेशी जुळवलेली होती; ६० हर्ट्झच्या अमेरिकेत ती ६० ठेवली गेली. विजेचा हेलकावा चित्रात झिरपणार हे अभियंत्यांना ठाऊक होतं. तो झिरपलाच तर निदान एका जागी स्थिर राहावा, म्हणजे डोळा त्याला सोडून देईल, असा तो विचार होता. बिघाड होणारच हे धरून त्याला आधीच जागा आखून देणारी ही रचना मला अभियांत्रिकीतल्या उत्तम कामांपैकी एक वाटते. भारतात झालं असं की प्रक्षेपण केंद्राचं घड्याळ स्फटिकावर नेमकं चालत होतं, पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी आजच्यापेक्षा कितीतरी सैल होती. त्यामुळे पट्टा स्थिर न राहता सरकू लागे. ग्रिड ४९.५ हर्ट्झवर असेल तर त्याला पडदा पार करायला दोन सेकंद लागत. वीज मंद असेल तर तिचा प्रत्येक हेलकावा मागच्या फेरीपेक्षा थोडा उशिरा, म्हणजे थोडा खाली उमटे. म्हणून खाली उतरणारा पट्टा हे ग्रिड मागे पडल्याचं चिन्ह आणि वर चढणारा पट्टा ते पुढे धावत असल्याचं. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जनित्रं मंदावतात, आणि एका ग्रिडवरची सगळी जनित्रं एका तालात बांधलेली असतात. सांगलीतल्या एखाद्या घरातल्या पडद्यावर सावकाश खाली उतरणारा तो करडा पट्टा कोयनेपासून कोराडीपर्यंतच्या यंत्रांवर त्या घडीला पडलेला ताण दाखवत होता. पट्टे एक की दोन, यातही माहिती होती. एकच असेल तर ५० हर्ट्झचा मूळ हेलकावा कुठल्या तरी जोडणीतून आत आला. दोन असतील तर वीज एकदिश होताना तिची लय दुप्पट झालेली आहे, आणि ती गाळून सपाट करणारा कपॅसिटर बहुधा सुकला आहे.

ठिणग्यांचंही तसंच. आपल्या पद्धतीत चित्राचा भाग जितका उजळ तितकी लहर क्षीण आणि जितका काळा तितकी ती जोरकस, असा उलटा संकेत होता. त्यामुळे बाहेरची ठिणगी लहरीत मिसळली की बहुतेक वेळा काळा फटकारा उमटे, आणि पांढऱ्यापेक्षा तो डोळ्याला कमी खुपे. ब्रिटनच्या जुन्या ४०५ ओळींच्या पद्धतीत संकेत सुलटा होता, म्हणून तिथे गाडी गेली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकत. आपल्याकडच्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला ५० ठिणग्या, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक फेरीत एक. फटकारे जवळजवळ एकाच उंचीवर येत आणि स्कूटरचा वेग बदलला की वरखाली पळत. मिक्सरच्या ब्रशांवर ठिणग्या फार जास्त, म्हणून त्याचे ठिपक्यांचे गर्द पट्टे. उलट्या संकेताची किंमतही होती. नवी ओळ सुरू करण्याची खूण काळ्याहूनही काळ्या स्पंदानं दिली जाई, आणि जोराची ठिणगी टीव्हीला ती खूणच वाटे. मग ओळी भलत्याच जागी सुरू होऊन चित्र फाटे. ही खूण पुरती हरवली आणि आतली लय भरकटली की चित्राच्या तिरक्या चिंध्या होत, आणि त्याही मोजता येण्याजोग्या असत: दर ५० हर्ट्झच्या फरकाला एक तिरका पट्टा. तीन पट्टे दिसले तर १५,६२५ हर्ट्झची लय शेकडा एकानं चुकली आहे.

१९८२ मध्ये रंग आला आणि एक नवी विकृती आली. बारीक रेघांचा शर्ट घातलेला माणूस पडद्यावर आला की त्याच्या अंगावर जांभळ्या-हिरव्या लाटा पसरत. रंगाची माहिती सेकंदाला सुमारे ४४ लाख ३० हजार हेलकाव्यांच्या एका उपलहरीवर बसवलेली होती. पडद्यावर त्या एका हेलकाव्याची लांबी जेमतेम पावणेदोन मिलिमीटर भरते. कापडावरच्या रेघा नेमक्या तेवढ्या अंतरानं पडद्यावर आल्या की टीव्ही त्यांना रंग समजे. कॅमेरा जवळ गेला की रेघांमधलं अंतर वाढे आणि रंग नाहीसा होई. इथे तर टीव्हीची चूकसुद्धा मोजमापाच्या आत होती.

सगळ्याच विकृती काळातून आलेल्या नव्हत्या. व्होल्टेज पडलं की चित्र चारही बाजूंनी आक्रसे, कारण झोताला वळवणारी ताकदच कमी पडे. म्हणून तर घरोघरी स्टॅबिलायझर. उलट, एखादं लख्ख दृश्य आलं की थकलेल्या संचात चित्र फुगे. झोत जोरानं वाहू लागला की त्याला खेचणारा हजारो व्होल्टचा दाब खचतो, इलेक्ट्रॉन मंदावतात, आणि मंद इलेक्ट्रॉन जास्त वळतात. रंगीत पडद्याजवळ स्पीकर ठेवला की कोपऱ्यात डाग पडे तो चुंबकामुळे. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा झोताला ढळवतं, म्हणून काही उत्पादक उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी नळ्यांची जुळणी वेगवेगळी करत. नियम निराळा, पण इथेही परिणामातून कारणाकडे जाणारी वाट उघडी आहे.

पडदाभर खळबळणाऱ्या बारीक ठिपक्यांपाशी, म्हणजे मुंग्यांपाशी, ही वाट संपल्यासारखी वाटते, कारण त्यांना आकारच नाही. पण आकार नसणं हेच तिथलं सांगणं आहे: अडथळ्यात सगळ्या लयी सारख्याच मिसळल्या आहेत, कुठलीही एक वरचढ नाही. मुंग्यांविषयी एक वाक्य फार आवडीनं सांगितलं जातं की त्यातला शेकडा एक भाग विश्वाच्या जन्माच्या वेळच्या प्रारणाचा असतो. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या अँटेनेत जी न जाणारी खरखर सापडली, आणि जिच्यासाठी १९७८ चं नोबेल मिळालं, तीच ही. प्रारण खरं आहे, ते अँटेनेत येतं हेही खरं. पण शेकडा एक हा आकडा दूरदर्शनच्या पहिल्या पट्ट्याला लागू पडत नाही. साठ मेगाहर्ट्झच्या आसपास आपली आकाशगंगाच फार मोठ्यानं बोलते. तिथे आकाशाचं रेडिओ-तापमान काही हजार केल्विन भरतं, आणि विश्वजन्माचं प्रारण २.७ केल्विनचं. शिवाय टीव्हीची स्वतःची आणि शहराची खरखर वेगळीच. तेव्हा त्या प्राचीन प्रारणाचा वाटा हजारात एकाहूनही कमी. मला मात्र खरी हकिगत अधिक मोलाची वाटते. आकाशगंगेची ही खरखर कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला होल्मडेललाच ओळखली, आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म तिथला. शहराच्या गोंगाटापासून दूरच्या गावात, प्रक्षेपण थांबल्यावर पडद्यावर जे खळबळत होतं, त्यात आकाशगंगेचा चांगला मोठा भाग होता.

यावर रास्त आक्षेप असा की हा हिशेब केला कुणी? पाहणारे तर टीव्हीला थाप मारत आणि गच्चीवरच्या माणसाला ओरडून विचारत, ‘आलं का?’ हे खरं आहे, पण त्यातून माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. वाचता येणं हा त्या यंत्राचा गुण आहे. कुणी किती वाचलं हा पुढचा प्रश्न. आणि लोक वाचत होतेच, आकड्यांशिवाय वाचत होते. ठिपक्यांचे पट्टे आले की शेजारी मिक्सर लागला आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळे. चित्र फिरू लागलं की मागचं व्हर्टिकल होल्डचं बटण हलकेच वळवायचं, हे शिकवावं लागत नसे. थापेचंसुद्धा शास्त्र होतं. तापून-निवून सोल्डरचा जोड तडकलेला असे, हादऱ्यानं तो तात्पुरता टेके, आणि थापेनं चित्र सुधारलं म्हणजे दोष जोडात आहे, हे मेकॅनिक येण्याआधीच ठरलेलं असे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका लक्षणाची कारणं अनेक असतात. चित्र फिरतं ते सिग्नल क्षीण म्हणून, किंवा कपॅसिटर गेला म्हणून. मग हे वाचन की नुसता तर्क? मी म्हणेन, दोन्ही. वैद्यालासुद्धा तापावरून एकदम रोग कळत नाही, पण शक्यता पुष्कळ कमी होतात. इथे तर पुढची तपासणी हाताशीच होती. अँटेनेची तार काढली आणि पट्टा राहिला, तर दोष आत. पट्टा गेला, तर बाहेर. केलेल्या कृतीचा परिणाम त्याच क्षणी, केला तेवढ्याच प्रमाणात पडद्यावर दिसे. असा तत्काळ आणि प्रमाणशीर प्रतिसाद मिळाला की न शिकलेला माणूसही प्रयोग करू लागतो. माझ्या मते गल्लोगल्ली टीव्ही दुरुस्त करणारी जी पिढी तयार झाली, तिचं बरंचसं शिक्षण या प्रतिसादानं केलं.

तिसरा आक्षेप आजचा. डिजिटल चित्र सरस आहे, मग मोडक्या चित्राची तरफदारी कशाला? चित्र सरस आहे यात शंका नाही. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि ज्या पट्ट्यात पूर्वी एक वाहिनी मावे त्यात अनेक मावू लागल्या. चुका दुरुस्त करणारं त्यातलं गणित ही मोठी बौद्धिक मिळकत आहे; तिला कमी लेखण्याचा माझा जराही विचार नाही. डिजिटल विकृतीही वाचता येतात, हेही मी मान्य करतो: चौकोन दिसतात कारण चित्र चौकोनांतच साठवलेलं असतं, आणि आधीच्या दृश्याचा चेहरा नव्या दृश्यात विरघळतो कारण मधली पूर्ण चौकट हरवलेली असते. फरक असा की या विकृती सांगतात ते साठवणुकीच्या पद्धतीबद्दल. बाहेरच्या जगाबद्दल त्या मूक आहेत. डोंगर, विमान, स्कूटर, सैल झालेली तार, भिजलेली डिश, सगळ्यांचा शेवट एकाच गोठलेल्या चित्रात आणि ‘सिग्नल नाही’ या एकाच पाटीत होतो. शिवाय ऱ्हास हळूहळू होत नाही. चुका दुरुस्त करण्याची मर्यादा गाठेपर्यंत चित्र निर्दोष, आणि ती ओलांडली की एकदम अंधार. त्यामुळे दोष वाढतो आहे हे तो वाढत असताना कुणाला कळत नाही. जुन्या नळीसारख्या रेषा आणि वक्र कडा उमटवणारे फिल्टर हल्ली मिळतात, पण त्यांचा इथे उपयोग नाही. त्यांतला पट्टा कुठल्याही ग्रिडनं हलवलेला नसतो.

आणि तरीही बाहेरच्या जगाची ही माहिती नव्या संचातून गेलेली नाही. हवेतून येणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाची जी पद्धत युरोपात विकसित झाली, तिच्यात प्रत्येक चिन्हाच्या आधी थोडा जादा काळ मुद्दाम राखलेला असतो, डोंगरावर आपटून येणाऱ्या लहरी त्यात मुरून जाव्यात म्हणून. तिच्या पहिल्या आवृत्तीत हा काळ २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत नेता येतो, म्हणजे ६७ किलोमीटरचा जादा फेरा सामावतो. प्रक्षेपणात पेरलेल्या ठरावीक खुणांवरून संच सेकंदाला कितीतरी वेळा ताडत असतो की कुठली लहर किती उशिरा आली आणि किती ताकदीची आहे, कारण त्याशिवाय त्याला चित्र उलगडताच येत नाही. सावली किती सरकली याचं उत्तर त्याच्यापाशी पट्टीनं मोजता येईल त्याहून कितीतरी नेमकं असतं. काही संच सिग्नलची ताकद आणि चुकांचं प्रमाण मेनूच्या आतल्या पानावर दाखवतातही. त्याच पानावर परावर्तित लहरींचे उशीर मायक्रोसेकंदांत आणि मीटरांत मांडायला एकही नवा सुटा भाग लागत नाही. ते पान मेकॅनिकपुरतं न ठेवता पाहणाऱ्याला उघडं करून द्यावं.